आगरी आजींच्या आठवणी नोंदवायच्या आहेत (नवी मुंबईतली घणसोली-कोपरखैरणे पट्टी)

खाडीकाठ: सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) यायच्या (१९७०) आधी भातशेती आणि मिठागरात राबलेल्या बायांच्या आठवणी मोबाइलवर घ्यायच्या आहेत. साल कुणालाच सांगता येत नाही, जमिनीच्या कागदांवर त्यांची नावंही सापडत नाहीत. काय करावं?

बांधवाट: साल विचारूच नका. वाशीचा जुना पूल (१९७३), जासईचं शेतकऱ्यांचं जमिनीसाठीचं आंदोलन (जानेवारी १९८४), वाशीपर्यंत लोकल (१९९२), यांच्या आधी की नंतर ते विचारा. थोरलं मूल तेव्हा केवढं होतं, हेही. 'तेव्हा आयुष्य कसं होतं?' हा प्रश्न फुकट जातो. उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) कोण सांभाळायचं, बांधाला खांड (भगदाड) पडली तर चिखल वाहायला किती जणी, मजुरी रोख की भात, असं विचारा. मग आजी इतक्या बोलतील की त्यांना थांबवावं लागेल. धवलारीण (लग्नातली गाणी, म्हणजे धवळे, म्हणणारी बाई) भेटली तर धवळे वेगळ्या फाइलमध्ये घ्या. गप्पांत मिसळले की नंतर शोधताना डोकं फिरतं.

मीठखडा: फोन एअरप्लेन मोडवर, तोंडापासून वीतभर, खाली घडी केलेला टॉवेल. नुसत्या टेबलावर बांगड्या आपटल्या की शब्द जातात. पंखा बंद. रेकॉर्डिंगची सेटिंग डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबणारी फाइल), मोनो, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट: तासाला साधारण ३५० एमबी. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून घेऊ नका, आवाज दाबला जातो.

सातबारा: नुसत्या सातबाऱ्यावर थांबू नका, जुने फेरफार (जमिनीवरच्या नावांतल्या बदलांच्या नोंदी) काढा. वारसनोंदीत मुलींची नावं असतात, पुढच्या हक्कसोडीत (बहिणींनी भावांसाठी हिस्सा सोडल्याच्या कागदात) गळतात. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहून घ्या, नाहीतर एकच बाई दोनदा मोजाल.

खाडीकाठ: हक्कसोडीचा विषय भावांसमोर काढावा का?

सातबारा: अजिबात नाही.