दहावीतला मुलगा प्रत्येक गोष्टीला विरोध करतो, काय करावे?

प्रश्न (एक आई, हर्णै)
माझा मुलगा पंधरा वर्षांचा असून यंदा दहावीत आहे. यजमान मासेमारी नौकेवर तांडेल (नौकेचे प्रमुख) आहेत. एरवी ते बरेच दिवस समुद्रावर असतात, पण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असल्यामुळे सध्या घरी आहेत आणि तेव्हापासून बापलेकांत रोज खटके उडतात. परवा जेवताना ‘मोबाईल ठेव’ म्हटल्यावर तो भरल्या ताटावरून उठून गेला. सकाळी हाका मारूनही उठत नाही, शाळेबद्दल विचारले की दार लावून घेतो. मित्रांबरोबर जाळी शिवायला मात्र तासन्‌तास बसतो. हा वयाचा भाग समजावा की काळजी करावी?

उत्तर (निवृत्त शिक्षिका, मालवण)
ताई, यजमान समुद्रावर असताना बाजारहाट, सिलिंडर, आजारपणातली धावपळ हे सारे बहुधा हाच मुलगा पाहत असणार. नौका किनाऱ्याला लागली की घरचा कर्ता परत येतो आणि कालपर्यंत मोठा मानला गेलेला मुलगा एका दिवसात पुन्हा लहान ठरतो. बंदराजवळच्या शाळेत शिकवताना पावसाळ्यात ही तक्रार घेऊन येणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या. त्याच्याकडची कामे वडिलांनी काढून घेऊ नयेत. उलट ती त्यालाच नीट जमतात, असे चारचौघांत बोलून दाखवावे.

उत्तर (समुपदेशक, रत्नागिरी)
बाईंचे म्हणणे मला पटते. या वयात भावना चटकन उसळतात, पण त्यांना आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग पूर्ण पक्व व्हायला पंचविशी उजाडते. त्यामुळे वाद तापलेला असताना केलेला उपदेश वाया जातो आणि तेच बोलणे तासाभराने शांतपणे केले तर ऐकले जाण्याची शक्यता वाढते. सकाळी न उठणे हाही दर वेळी हट्ट नसतो. झोप आणणारे मेलाटोनिन किशोरवयात रात्री उशिरा स्रवू लागते, गरज मात्र ८ ते १० तासांच्या झोपेची असते.

नियम मोजकेच ठेवावेत, पण ते ठाम असावेत: हात उगारायचा नाही, रात्री न सांगता बाहेर जायचे नाही, परवान्याशिवाय गाडी चालवायची नाही. बाकी बाबतींत त्याला निवड द्यावी. ‘आत्ताच्या आत्ता अभ्यासाला बस’ म्हणण्यापेक्षा ‘गणित जेवणाआधी करतोस की नंतर?’ असे विचारले, तर निर्णय त्याचा राहतो आणि अभ्यासही होतो.

मित्रांत तो रमतो, हे चांगले लक्षण आहे. चिडचिड, हुज्जत आणि डूख धरणे सहा महिने किंवा अधिक टिकले व त्याचा शाळेवर परिणाम होऊ लागला, तर मात्र तपासणी करून घ्यावी, कारण या वयातले नैराश्यही अनेकदा चिडचिडीच्या रूपाने दिसते. व्यसन किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आढळल्यास एक दिवसही थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.

उत्तर (खलाशी, दोन मुलांचा बाप)
यजमानांनी त्याच्याशेजारी जाळी शिवायला बसावे. नजर जाळ्यावर असली की मुले आपणहून बोलू लागतात. मात्र तिथे दहावीचा विषय काढू नये. आणि जेवताना मोबाईल नको असेल, तर तो नियम यजमानांच्या मोबाईललाही लागू करावा.