मदत हवी आहे: कडधान्यांतलं लोह अंगी लागावं, पण पोटही फुगू नये
मुलगी १४ वर्षांची, हिमोग्लोबिन ९.४. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सुरू आहेत. आम्ही शाकाहारी, म्हणून उसळींवर भर. राजमा-चवळीतलं लोह त्यातलंच फायटिक अ‍ॅसिड धरून ठेवतं, म्हणून रात्रभर भिजवून पाणी फेकते, मटकीला मोड आणते, वरून लिंबू पिळते. जेवणावरचा चहा तर बंदच केला.

अडचण पोटाची आहे. राजमा खाल्ला की तिच्या पोटाला गुबारा धरतो. कडधान्यांतल्या न पचणाऱ्या शर्करा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्याचा हा गॅस. पण या शर्करांवरच आतड्यातले चांगले जिवाणू पोसतात, त्यामुळे उसळी बंद करायला मन धजत नाही.

कुणी दोन चमच्यांपासून हळूहळू वाढवत नेलंय का? पोट सरावायला किती दिवस लागले? डब्यात देण्याजोगं काही असेल तर नक्की सांगा.