जाडजूड, संथ, तरीही न सुटलेली पुस्तकं: तुमचे अनुभव लिहा

माळ्यावरची मांजर
काल माळ्यावरून गाद्या काढताना टोल्कीनची अद्भुत कादंबरी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पायावर पडली. तिन्ही भाग एकत्र, म्हणजे वीटच. आत आईची विणकामाची सुई! ती बघितली आणि डाव्या पायाला आपसूक खाज सुटली.

बारावीच्या सुट्टीत स्कूटीवरून पडून पाय मोडला होता. सहा आठवडे प्लास्टर. टीव्ही बाहेरच्या खोलीत, मी आतल्या. मामेभाऊ हे पुस्तक ठेवून गेला, 'बघ वाचवतंय का' म्हणत. सुरुवातीला एक म्हातारा एकशे अकरावा वाढदिवस करतो आणि जादूची अंगठी आपल्या वारसाकडे, फ्रोडोकडे, ठेवून निघून जातो. मग? फ्रोडो घराबाहेर पडेपर्यंत सतरा वर्षं जातात! सिनेमात हे कळतही नाही. मी दोनदा पुस्तक फेकलं. पण उठून दुसरं आणणार कोण? मग सुईने प्लास्टरच्या आत खाजवायचं, चार पानं वाचायची, तीच सुई खूण म्हणून घालायची.

पाचव्या आठवड्यात माझ्याच लक्षात आलं, की मी रोज सकाळी नकाशा उघडून मंडळी कुठवर पोचली ते बोटाने मोजतेय. सगळे पायी निघालेले. मला संडासपर्यंत जायला कुबड्या लागायच्या, त्यामुळे त्यांचं ते रखडत चालणं फार आपलं वाटायचं.

काल सुई सापडली ती परिशिष्टांत, हॉबिटांच्या, म्हणजे फ्रोडोच्या बुटक्या जमातीच्या, वंशावळींपाशी. म्हणजे गोष्ट संपली तरी बाई वाचतच होत्या.

तुमच्याकडे असं काही आहे का?

घामट लोकल
'व्हील ऑफ टाइम'. १४ भाग. पहिला १९९०, शेवटचा २०१३. विरार ते चर्चगेट, बहुतेक उभ्याने. वाचलेल्यांना एकच शब्द पुरे: वेणी. त्या नायनीवला राग आला की ती स्वतःची वेणी ओढते. चौदा भागांत टक्कल कसं पडलं नाही देव जाणे. दहाव्या भागात तर कथा जागची हलत नाही, बोरिवलीच्या अलीकडे सिग्नलला गाडी थांबते तशी. तरी उतरलो नाही.

२००७ मध्ये लेखक गेल्याची बातमी ऑफिसात वाचली. घरी तोंड पाडून बसलो. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, रॉबर्ट जॉर्डन गेले. तर म्हणे, तुमच्या अकाउंट्समधले का? पुढे ब्रँडन सँडरसनने त्यांच्या टिपणांवरून शेवटचे तीन भाग पुरे केले. चांगले आहेत. वेणीही आहे.

खमंग थालीपीठ
अकाउंट्समधले!! हसून हसून पुरेवाट

लोकरमावशी
सुई कितव्या नंबरची?

माळ्यावरची मांजर
मावशी, दहा. टोक वाकलंय. कारण सांगायला नकोच.

स्पष्टवक्ता
हे माझं वैयक्तिक मत, हा अद्भुत कादंबऱ्यांचा प्रकार आपल्याला झेपत नाही. पानभर डोंगराचं वर्णन, मग त्याच डोंगराची तीन भाषांतली तीन नावं. अरे गोष्ट सांगा की. मी पन्नास पानांत उतरलो.

पावकी निमकी
नावांवरून आठवलं. उर्सुला ल गुइनची 'अर्थसी', पहिलं पुस्तक १९६८ चं. जाडही नाही, त्यामुळे स्पष्टवक्ते यांनाही चालेल. त्यात जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव ठाऊक असणं. पोरं एका मनोऱ्यात बसून नावांच्या याद्या पाठ करतात, आणि मध्यरात्री शाई उडून कागद कोरा होतो. तोवर पाठ करायचं, नाहीतर गेलं.

आमची आजी दिवेलागणीला पाढे घ्यायची, झाल्याशिवाय पान वाढायची नाही. तो मनोरा वाचताना मला अजून वरणभाताचा वास येतो. अडीचकी मात्र आजही येत नाही.

खमंग थालीपीठ
अडीचकी कुणालाच येत नाही हो. तुमची आजी ग्रेट.

जुना पुठ्ठा
इतके प्रतिसाद झाले आणि आपल्या जुन्या मराठी कादंबरीकार नाथमाधवांचं नाव नाही? त्यांची 'वीरधवल' घ्या. आजोबांच्या प्रतीला पुठ्ठा नव्हता आणि शेवटची पानं कसरीने खाल्लेली. शेवट आजोबा तोंडी सांगायचे, दर सुट्टीत वेगळा. खरा शेवट मी नोकरीला लागल्यावर वाचला. आजोबांचे बरे होते.

मांजरबाई, तुमच्या प्लास्टरवरून आठवलं. नाथमाधव शिकारीला गेले असता सिंहगडावरून पडून अधू झाले, आणि अंथरुणाला खिळून लिहीत राहिले.

माळ्यावरची मांजर
अरे बापरे. हे माहीत नव्हतं. मी नुसतं खाजवत होते.

नववीची आई
मम दु:ख वेगळं. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पुस्तकांतला पाचवा भाग जुलै २०११ मध्ये आला तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी. मांडीवर बाळ, उशीवर पुस्तक. ते बाळ आता नववीत, सहाव्या भागाचा पत्ता नाही. गेल्या आठवड्यात लेकीने पहिला भाग मागितला. म्हटलं, बाई ग, या नादी लागू नकोस, आईकडे बघ. चौथ्या भागात तर निम्मी आवडती माणसं गायब! पुस्तक फार फुगलं म्हणून लेखकाने माणसांची वाटणी करून दोन पुस्तकं केली. वाटणी म्हटली की कुणाचं समाधान झालंय?

बाकी संध्याकाळी. क्लासला सोडायचंय.

उतू गेलं
रॉबिन हॉबच्या कादंबऱ्या. त्यातला तो लांडगा. पुढे लिहवत नाही, आणि खरंच दूध उतू गेलं आत्ता

स्पष्टवक्ता
लांडग्याचं काय होतं?

खमंग थालीपीठ
खबरदार कुणी सांगितलंत तर! मी दुसऱ्या भागात आहे.

घामट लोकल
स्पष्टवक्ते अडकले. पन्नास पानांत उतरणार होते.

आईचा वाचक
इंग्रजीचा कंटाळा असेल तर मुग्धा कर्णिक यांचा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा अनुवाद आहे, 'स्वामी मुद्रिकांचा'. आईला दिला. दोन दिवसांनी विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, 'मेली ती हॉबिटं दिवसातून सहा वेळा जेवतात, भांडी कोण घासतं ते लिहिलेलंच नाही.' पण वाचतेय. दुपारची मालिका बंद आहे.

लोकरमावशी
मांजरबाई, ती सुई टाकू नका. माझ्याकडे दहाची एकच उरलीय, जोडीची नातवाने हरवली. वाकडी चालेल. स्वेटर २०१९ पासून अर्धा पडलाय, मागची बाजू झालीय.

माळ्यावरची मांजर
मावशी, पत्ता माझ्या विचारपुशीत टाका. शनिवारी कुरियर करते. खूण म्हणून बसचं तिकीट घातलंय.