यंत्र आलं की वजन कुणाचं वाढतं?

शून्यप्रहर

ऑटोमेशनचा विषय निघाला की चर्चा 'किती नोकऱ्या जाणार' इथेच घुटमळते. मला त्याच्या अलीकडचं विचारायचंय. नोकरी शाबूत राहते, पगारही तोच राहतो, पण कामाच्या जागी माणसाच्या शब्दाला किंमत उरत नाही. ही सत्ता नेमकी कुठून निसटते? काम वाटणारी, वेग मोजणारी किंवा अर्ज छाननारी प्रणाली यायच्या बेतात असेल तर कामगारांच्या बाजूने आधी काय तपासावं? तत्त्वज्ञान नको, हाताला लागेल असं सांगा.

जुळारी

छापखान्याकडे बघा. एकाच धंद्यात दोन्ही निकाल लागलेत.

१८८६ मध्ये न्यू यॉर्क ट्रिब्यून या वर्तमानपत्रात लायनोटाइप आलं, म्हणजे कळा दाबून मजकुराची अख्खी ओळ धातूत ओतणारं यंत्र. हाताने खिळे (अक्षरांचे सुटे ठसे) जुळवण्यापेक्षा कितीतरी वेगवान. पण त्याला ९० कळा, मांडणी टाइपरायटरहून निराळी, शेजारी वितळलेल्या धातूचं भांडं. ओळ नीट बसली की नाही हे छपाईतल्या माणसालाच कळायचं. जुळाऱ्यांच्या संघटनेने यंत्राला आडकाठी न करता 'हे चालवणारा माणूस आमचाच' एवढं पदरात पाडून घेतलं आणि आपलं वजन राखलं.

पुढे मजकूर संगणकावर जुळू लागला, तेव्हा बातमीदाराचा कीबोर्ड हाच जुळणीचा कीबोर्ड झाला. मधली पायरीच गळाली. न्यू यॉर्कच्या जुळाऱ्यांनी १९७४ मध्ये हे ओळखलं आणि आजन्म नोकरीची हमी घेऊन नव्या यंत्रांना वाट दिली. लंडनमध्ये १९८६ साली उलटं घडलं. संप सुरू झाला तेव्हा शहरातल्याच वॉपिंग भागात वर्तमानपत्रांचा नवा छापखाना गुपचूप सज्ज झालेला होता. पाच हजारांहून अधिक कामगारांना काढलं, अंक रेल्वेऐवजी ट्रकने गेले. संप वर्षभर चालला, छपाई काही थांबली नाही.

तेव्हा पहिला हिशोब हाच: आपण हात आखडले तर काम किती दिवस अडेल? यंत्र बसण्याआधीचं आणि नंतरचं उत्तर वेगळं येतं. वाटाघाट पहिल्या उत्तरावर करायची.

मापटं

इतिहास ठीक, पण आज सत्ता सेटिंगच्या पानावर बसलेली असते. गोदामातला हातातला स्कॅनर घ्या. ताशी १२० नग म्हणजे एका नगाला ३० सेकंद. मालाच्या रॅकपर्यंत २० मीटर चालायला साधारण १७ सेकंद जातात. उरलेल्या १३ सेकंदांत शोधणं, उचलणं, स्कॅन करणं. वाटेत ट्रॉली अडकून दीड मिनिट थांबावं लागलं की तीन नग गेले. प्रणालीला ट्रॉली दिसत नाही, तिला फक्त दोन स्कॅनमधलं अंतर दिसतं आणि ते माणसाच्या नावावर 'रिकामा वेळ' म्हणून चढतं. कामाच्या मोजमापाच्या जुन्या पद्धतीतही मूळ वेळेवर वैयक्तिक गरजेचे ५ टक्के आणि थकव्याचे ४ टक्के तरी धरायची रीत होती. लॉगवरून (प्रणालीने आपोआप ठेवलेल्या नोंदींवरून) काढलेल्या लक्ष्यात ते धरलेत का, हे लेखी विचारा.

त्याहून घातक भाग म्हणजे लक्ष्य ठरवायचं सूत्र. गेल्या आठवड्यातल्या कामगारांचा ७५वा शतमक, म्हणजे शंभरातले ७५ जण ज्याच्या खाली राहतात तो वेग, हेच पुढचं लक्ष्य असेल, तर चारांतले तीन जण व्याख्येनेच मागे पडलेले. ते धावतात, शतमक वर सरकतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. कुणी मुकादम ओरडत नाही, म्हणून भांडायचं कुणाशी तेही कळत नाही. करारात आकडा गोठवायचा, आणि 'दोन्ही बाजूंच्या सहीशिवाय सूत्र बदलणार नाही' हेही लिहून घ्यायचं. नुसता आकडा गोठवला तर नगाची व्याख्या बदलते.

अर्जछाननीत फसगत वेगळी होते. 'अंतिम निर्णय माणसाचाच' असं सांगतात. मग विचारा, एका पाळीत फायली किती? हाती ४२० मिनिटं आणि ६०० फायली असतील तर एकीला ४२ सेकंद. एवढ्यात फाईल वाचून होत नाही, शिक्का मारून होतो. वर शिफारस डावलली की कारणाचा कोड भरायचा, आणि किती वेळा डावलली त्याची नोंद मूल्यमापनात. काही आठवड्यांत ते बटण कुणी दाबत नाही. निर्णय गेला, सही तेवढी राहिली. चूक निघाली की सहीवाला सापडतो.

कलमकसाई

मापटं यांचा मुद्दा कायद्यातही दिसतो. युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहिती-संरक्षण कायद्याचं कलम २२ 'केवळ' स्वयंचलित निर्णयापासून संरक्षण देतं. तो शिक्केवाला माणूस मध्ये बसवायचं एक कारण हा 'केवळ' आहे.

जर्मनीची तरतूद जास्त कामाची वाटते. तिथल्या आस्थापना-कायद्याच्या कलम ८७ नुसार वर्तन किंवा कामगिरीवर नजर ठेवणारं तांत्रिक साधन कामगार-परिषदेच्या (कामगारांनी निवडलेल्या आस्थापनेतल्या मंडळाच्या) संमतीशिवाय आणता येत नाही. न्यायालयांनी अर्थ असा लावला की नजर ठेवायचा हेतू नसला तरी चालेल, साधनात तशी क्षमता असली की पुरे. २०२१ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेचं मूल्यमापन करायचं असल्यास परिषदेला तज्ज्ञाची गरज आहे हे गृहीतच धरतात.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून मोठ्या गोदामांत लक्ष्य लेखी सांगावं लागतं, आणि लक्ष्यामुळे आपली सुट्टी किंवा स्वच्छतागृहाची वेळ बुडते असं वाटणारा कामगार आपल्या वेगाची ९० दिवसांची नोंद मागू शकतो. जिथे कायदा नाही तिथे हीच वाक्यं करारात घालता येतात. युरोपात कामाच्या जागी भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेचा अपवाद सोडून.

डोलकाठी

जुळारी, हमी घेतली म्हणजे जिंकलो असंही नाही. १९५६ मध्ये मॅक्लीन या अमेरिकी वाहतूक व्यावसायिकाच्या जहाजाने ५८ कंटेनर नेले, त्यानंतर चारच वर्षांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी करार केला. यंत्रांना मुभा, बदल्यात साडेपाच वर्षांत २ कोटी ९० लाख डॉलर: लवकर निवृत्ती आणि कामाची हमी. करार चांगलाच होता, पण नोंदणीकृत कामगारांपुरता. शिवाय तो धक्क्याशी बांधलेला, आणि कंटेनर भरायचं-रिकामं करायचं काम धक्क्यापासून दूरच्या शेडमध्ये गेलं. १९७१ चा १३४ दिवसांचा संप झाला त्यात हाही वाद होता. करारात जागा लिहू नका, काम लिहा.

शून्यप्रहर

आभार. प्रणाली सहा आठवड्यांत सुरू होणार असेल आणि एवढं सगळं मागता येणार नसेल, तर आधी काय?

मापटं

कच्चा लॉग. डॅशबोर्ड नव्हे, प्रत्येक नोंदीची वेळ असलेली फाईल. चार आठवडे जुनी आणि नवी पद्धत बरोबरीने चालवा, त्या काळात नव्या आकड्यावर कुणावर कारवाई नको. जुन्या पद्धतीच्या नोंदी पुसल्या जाणार नाहीत हे सुरू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत लेखी घ्या. नव्या प्रणालीत बदली झाली की तुलनेचा आधार सगळ्यात आधी गायब होतो, आणि बहुतेक वेळा तो कुणी मुद्दाम पुसलेलाही नसतो. जुना सर्व्हर बंद होतो, बस.