रविवारचं वाटण बुधवारपर्यंत टिकत नाही, मदत हवी आहे

डोंबिवलीची_आई:
आम्ही दोघंही नोकरीला, मी सातची लोकल पकडते, मुलगा तिसरीत, त्याला छोट्या सुट्टीचा आणि मोठ्या सुट्टीचा असे दोन डबे लागतात. रविवारी तीन तास ओट्याशी उभी राहून आठवड्याचं वाटण करते, भाज्या चिरते, कणीक मळते आणि बुधवारी झाकण उघडलं की आंबूस वास, वर बुडबुडे. सलग तिसरा आठवडा हा. आज परत सगळं फेकलं आणि पोराला तूप-साखर-पोळी दिली, तो काही बोलला नाही पण मला फार वाईट वाटलं. काय चुकतंय, लवकर सांगा.

सोऱ्या:
वाटणात काय काय घालता? ओला नारळ की सुकं खोबरं? ठेवता कशात?

नाना_सातारा:
मुळात शिळं कशाला खायचं? कुकरला एकावर एक तीन भांडी लावा, वरण, भात, बटाटे, वीस मिनिटांत स्वयंपाक होतो. आमच्या घरी चाळीस वर्षं असंच चाललंय.

मेथीची_जुडी:
नाना, घरी कुकर लावतं कोण? तिला सातची गाडी आहे, वाचा तरी नीट. आणि वाटण म्हणजे शिळी भाजी नव्हे.

ठाणेकर७७:
रोटी मेकर घ्या, माझा पोळ्यांचा पाऊण तास वाचतो.

सोऱ्या:
पोळ्यांचं कोणी विचारलंय का?

डोंबिवलीची_आई:
वाटण नेहमीचंच हो, कांदा परतून, ओलं खोबरं कच्चंच, आलं-लसूण, कोथिंबीर. मिक्सरमधून काढलं की लगेच स्टीलच्या मोठ्या डब्यात भरते, झाकण लावून फ्रीजमध्ये. मग रोज त्यातूनच चमच्याने काढायचं.

सोऱ्या:
अहो मग हे आधी सांगायचं ना! कच्चा ओला नारळ वाटलेला मी दोन दिवसांच्या वर फ्रीजमध्ये ठेवतच नाही. त्यात परतलेला कांदा गरम असणार, मोठ्या डब्यात भरल्यावर मधला गोळा गार व्हायलाच कितीतरी तास जातात, तोवर आंबायला सुरुवात. वर रोजचा ओला चमचा. परातीत पसरून गार करा, बर्फाच्या ट्रेत भरून फ्रीजरला लावा, गोठलं की वड्या काढून पिशवीत. एका भाजीला तीन वड्या, तशाच कढईत टाकायच्या.

मेथीची_जुडी:
फ्रीजरने ओल्या खोबऱ्याची चव उतरते, माझं स्पष्ट मत. सुकं खोबरं आणि कांदा तेलावर खरपूस भाजा, पाण्याचा थेंब न घालता वाटा, दोन छोट्या काचेच्या बरण्यांत भरा, दुसरी गुरुवारीच उघडायची. माझं आठवडाभर जातं.

सोऱ्या:
चव उतरत नाही, मी वर्षभर करतोय. मालवणी घर आहे आमचं, सुक्या खोबऱ्यावर सोलकढी होईल का?

मेथीची_जुडी:
सोलकढीचा विषय कुठून आला?

नाना_सातारा:
कणीकसुद्धा काळी पडत असेल. दीड दिवसाच्या वर ठेवू नका.

डोंबिवलीची_आई:
हो नाना, पडते. फ्रीजरमध्ये सासूबाईंचे दोन किलो मटार आहेत, ट्रेला जागाच नाही, म्हणून आज रात्री सुकं खोबरं भाजून बघते. रविवारी चिरलेली गवारही चिकट झालीये, टाकू का?

मेथीची_जुडी:
चिकट झाली तर टाकाच. चिरायच्या आधी धुऊन कोरडी केली होती का?