मदत हवी आहे: कंपोस्टमध्ये सापसुरळीची अंडी सापडली, काय करू? (लवकर!)

मातीचे_हात:
सकाळी कंपोस्टचा ढीग उपसायला घेतला तर आतून पांढरी अंडी निघाली. सापसुरळीचीच आहेत, कारण ती शेजारीच बसून माझ्याकडे टक लावून बघत होती. अंडी खोक्यात काढून ठेवलीयेत. सासूबाई म्हणतात विषारी असते, फेकून दे. खत उद्या वाफ्यात घालायचंय. पटकन सांगा. गूगल करून झालंय, तो सल्ला नको.

रानवाट:
किती अंडी? केवढी? कवच कडक की मऊ? फोटो?

बंड्या_००७:
फिनेल ओता. आमच्या गॅलरीत एकदा आली होती, फिनेल टाकल्यावर परत दिसली नाही.

रानवाट:
बंड्याभाऊ, ती फिनेलमुळे नाही, तिची तिची गेली. अंड्यांवर फिनेल ओतायचे सल्ले कृपया देऊ नका.

सुलूमावशी:
विषारी अजिबात नसते हो. आमची आजी तिला सापाची मावशी म्हणायची आणि दिसली की झाडू घेऊन मागे लागायची. एकदा झाडूखाली शेपटी तुटून राहिली, बराच वेळ वळवळत होती. आम्ही पोरं तिच्याकडेच बघत बसलो आणि बाई पसार! तुटलेली शेपटी पुन्हा येते, पण आधीसारखी सुबक नाही.

मातीचे_हात:
नऊ आहेत. लांबट. मऊ, बोट लावलं की किंचित खळगा पडतो. फोनचा कॅमेरा फुटलाय. आता सांगा.

दगडफूल:
सापसुरळी अंडी घालतच नाही, थेट पिल्लं देते. खात्रीने सांगतो.

रानवाट:
अर्धंच बरोबर. पिल्लं देणाऱ्या जाती आहेत, याच वंशातली (युट्रोपिस) मल्टिफॅसिएटा नावाची जात त्यातली, ती आपल्या ईशान्येकडे सापडते. आपल्या बागांत नेहमी दिसणारी कॅरिनाटा जात मात्र अंडी घालते. १८०१ साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ श्नायडरने शास्त्रीय वर्णन केलेली हीच ती. पाठीच्या प्रत्येक खवल्यावर बारीक कंगोरे असतात, बहुधा तीन, नावही त्यावरूनच (कॅरिनाटा म्हणजे कंगोरेदार). दिवसा फिरते, पालापाचोळ्यात नाकतोडे, भुंगे, अळ्या टिपते. मातीचे_हात, तुम्ही पाहिलेलीचा रंग सांगा. कुशीचा विशेषतः.

मातीचे_हात:
पाठ घासलेल्या तांब्यासारखी तपकिरी, कडेने फिका पट्टा. कुशीला पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत लालभडक. जखम वाटली आधी. आईच ना?

रानवाट:
नाही, तो नर! विणीच्या काळात नरांच्या कुशी अशा लाल-केशरी होतात. ढिगात किडे मुबलक, म्हणून येऊन बसला असेल. म्हणजे तो शेजारी होता एवढ्यावरून अंडी कोणाची ते ठरत नाही. बागेतली सरड्याची मादीसुद्धा भुसभुशीत मातीत खड्डा करून अशीच मऊ कवचाची अंडी पुरते. पालीची नक्की नाहीत, घरातली पाल दोनच घालते आणि ती कडक असतात.

दगडफूल:
पण राखण करणाऱ्या सापसुरळ्या असतात! तैवानजवळच्या ऑर्किड बेटावर लांब शेपटीच्या जातीची मादी अंडी खायला आलेल्या सापावर धावून जाते.

रानवाट:
मादी, दगडफूल. मादी.

मातीचे_हात:
तैवान राहू द्या हो. माझ्या खोक्याचं बोला.

निवांत_अजगर:
काढताना अंडी फिरली का? कोंबडी अंडी उलटीपालटी करते, तसं यांचं चालत नाही. आतला गर्भ लवकरच कवचाला आतून चिकटतो, नंतर अंडं उलटं झालं तर तो मरू शकतो. जशी पडली आहेत तशीच, वरची बाजू वर ठेवून परत पुरा. वर पेन्सिलने हलकी खूण करा. माती दमट हवी, चिखल नको, जागा सावलीची. कवच ओल शोषतं, म्हणून खोक्यात कोरडी पडू देऊ नका.

मातीचे_हात:
फिरली असतील. नळाखाली धुतलीयेत ना. शेण लागलं होतं.

रानवाट:
धुतलीत?? ताई, हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं!

मातीचे_हात:
अंडी म्हटल्यावर धुणारच ना माणूस.

निवांत_अजगर:
झालं ते झालं. आता हलवू नका. सगळी पुरा, काही जगतीलही. आणि तेवढा कोपरा उपसू नका.

मातीचे_हात:
पुरली. अर्धा ढीग तसाच ठेवलाय, वाफ्याला उरलेलं खत पुरेल. वर विटा रचल्यात, सासूबाईंना सांगितलं मुंग्यांचं औषध टाकलंय. तो लाल कुशीचा पुन्हा आलाय, विटेवर ऊन खात बसलाय.

बंड्या_००७:
ताई, ते राहू द्या, पण तुमच्या कंपोस्टला वास येत नाही का? आमचा ढीग नुसता घाण मारतो. काय टाकू? लवकर सांगा.

मातीचे_हात:
ओलं किती, सुकं किती टाकता? किती दिवस झाले? वरून झाकलाय का? फोटो?