गाजर गवत फुलतं तेव्हा कातडीचं काय करता? अनुभव लिहा

परागकणांची ॲलर्जी म्हटलं की सगळे शिंकांबद्दल विचारतात. माझं नाक ठीक असतं. पण पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर गाजर गवताला पांढरी फुलं आली की पापण्या सुजतात, मान आणि कोपराच्या आतली घडी लाल होते, रात्रभर खाज. पुण्यात हे गवत १९५५च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत आलं. आता ते नाही असा रस्ता दाखवा. ज्यांना त्रास आहे त्यांनी काय केलं आणि कशानं फरक पडला, ते सविस्तर लिहा.

परभणी
आमच्याकडं याला काँग्रेस म्हणतात. अण्णांचा चेहरा आणि हात काळवंडून कातडी जाड झाली होती. उघड्या भागावरच होतं, म्हणून सगळे उन्हाचं म्हणायचे. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली. पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात. काँग्रेसच्या पट्टीखाली लालभडक उठलं. डॉक्टरांनी सांगितलं, नुसते पराग नाहीत, वाळलेल्या पाल्याची धूळसुद्धा तेवढीच वाईट. तेव्हापासून अण्णा खुरपायला जात नाहीत. बांधावर जायचं तर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि गळ्याला उपरणं. घरी आले की आधी आंघोळ, कपडे वेगळे भिजवायचे. मलमाबरोबर गोळ्याही चालू आहेत. त्यासाठी रक्त तपासत राहावं लागतं. पहिल्यासारखं नाही, पण झोप लागते. माझ्यासाठी तेच मोठं आहे.

सातारा
हारांचं दुकान आहे. मला गाजर गवताची ॲलर्जी निघाली आणि त्रास शेवंतीनंही व्हायचा! दोन्ही एकाच कुळातली, असं डॉक्टर म्हणाले. शेवंतीचे हार आता जाऊबाई करतात, मी मोगरा-निशिगंध बघते. फुलांचं काम करणाऱ्यांनी हे नक्की तपासून घ्या.

तोक्यो
इथे फेब्रुवारी ते एप्रिल ‘सुगी’ नावाच्या झाडाचे, म्हणजे जपानी देवदाराचे पराग. युद्धानंतर डोंगरच्या डोंगर लावले, त्याचा परिणाम. हवामानासारखा परागांचाही अंदाज सांगतात. माझे गाल आणि पापण्या सोलल्यासारख्या होतात. बाहेर पडण्याआधी डोळ्यांभोवती पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, कोट दाराबाहेरच झटकायचा, चेहरा कोमट पाण्यानं न चोळता धुवायचा, ओल्या कातडीवर लगेच बिनवासाचं क्रीम. कपडे घरातच वाळत घालते. यातलं जेलीचं तिकडेही करून बघा.

नाशिक
औषधांच्या दुकानात काम करते, म्हणून कळकळीनं लिहिते. खाजेची ट्यूब द्या म्हणून लोक येतात. त्यातल्या पुष्कळ ट्यूबमध्ये तीव्र स्टिरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग पापण्यांची आणि गालांची कातडी पातळ होते, लाल राहते. चेहऱ्याला लावायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

वर्धा
उपटायचं तर फुलं यायच्या आत, जमीन ओली असताना, मुळासकट आणि हातमोजे घालून. ज्याला ॲलर्जी आहे त्यानं तिकडे फिरकूच नये. आम्ही बांधावर तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं बी फेकतो. तो दाट वाढला की गाजर गवताला जागा उरत नाही.

पुणे
वर्ध्याची पोस्ट सोसायटीच्या बैठकीत वाचून दाखवते. शेजारच्या प्लॉटवर अजून कळ्याही नाहीत, म्हणजे वेळ आहे. तरोट्याचं बी तुमच्याकडे कोणत्या महिन्यात फेकता?